दहशतवादाच्या आरोपाखाली पकडलेल्यांचे हक्क आणि आपण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दिवाणी वकील आहे. भाडेकरूंची भांडणं, वारसाहक्क, सोसायट्यांचे दावे असं माझं काम. दहशतवादाचा एकही खटला मी चालवलेला नाही. पण कॉलेजांत, वाचनालयांत, महिला मंडळांत राज्यघटनेवर बोलायला जाते, आणि विषय अटकेतल्या माणसाच्या हक्कांवर आला की सभागृह गप्प होतं. मग प्रश्न येतात. गावोगावी ते जवळपास सारखेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

अतिरेक्यांचा एवढा पुळका कशाला येतो तुम्हाला?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि विचारणारा माणूस खरोखर चिडलेला असतो. त्या चिडण्याला मी नावं ठेवत नाही. ११ जुलै २००६ ला मी चर्चगेट ते बोरिवली रोज जाणाऱ्यांपैकीच होते. त्या संध्याकाळी ऑफिसातून निघायला उशीर झाला, म्हणून माझी नेहमीची गाडी चुकली. माटुंग्यापासून मीरा रोडपर्यंत अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. १८० हून अधिक माणसं गेली, आठशेहून अधिक जखमी झाली. मी मिळेल त्या बसने आणि पुढे चालत मध्यरात्री घरी पोचले. हायवेच्या कडेला वस्तीतल्या बायका पाण्याच्या कळश्या आणि बिस्किटांचे पुडे घेऊन उभ्या होत्या.

पुढच्या काही आठवड्यांत तोंडावर काळं फडकं ओढलेल्या माणसांचे फोटो पेपरात यायला लागले. 'सापडले एकदाचे,' असं म्हणून मी पेपर बाजूला ठेवला. त्यांना वकील मिळाला का, कोठडीत त्यांचं काय होतंय, पुरावा काय आहे, यातलं काहीही माझ्या मनात आलं नाही. मी तेव्हा सनद घेतलेली वकील होते, तरीही नाही. नऊ वर्षं नाही आलं. 'पकडला' म्हणजे 'केलं' असं मी धरून चालले होते. ते मला आजही सलतं, आणि मी हे बोलते ते त्यामुळे.

११ जुलैच्या खटल्यात शेवटी काय झालं?

तेरा जणांवर मोक्काखाली, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली, खटला चालला. सप्टेंबर २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने एकाला निर्दोष सोडलं आणि बारा जणांना दोषी धरलं. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. त्या बारांपैकी एक जण २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात कोरोनाने गेला. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांची शिक्षा रद्द केली. एकोणीस वर्षांनी.

न्यायालयाने का सोडलं, हे बातमीच्या मथळ्यात येत नाही, पण ते वाचण्यासारखं आहे. आरोपींना टॅक्सीत बसवल्याचं सांगणारे साक्षीदार शंभराहून अधिक दिवस गप्प होते आणि मग एकदम त्यांना चेहरे आठवले. ओळखपरेड ज्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याने घेतली, त्याला त्या वेळी तसा अधिकारच उरलेला नव्हता. वेगवेगळ्या आरोपींच्या कबुलीजबाबांतले काही भाग शब्दाला शब्द सारखे निघाले. छळाच्या तक्रारी न्यायालयाला उडवून लावण्यासारख्या वाटल्या नाहीत. जप्त केलेल्या वस्तूंचं सील आणि ताबा यांचा हिशेब नीट लागत नव्हता. बाँब नेमका कोणत्या प्रकारचा होता, हेही सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही.

राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेलं. २४ जुलैला त्या न्यायालयाने सांगितलं की हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात पाठवलं नाही.

म्हणजे ते 'संशयाचा फायदा' घेऊन सुटले, एवढंच ना?

सरकार पक्ष आरोप सिद्ध करण्यात पूर्णपणे अपयशी ठरला, असं उच्च न्यायालयाने म्हटलं आहे. आपल्या कायद्यात निर्दोषत्व सिद्ध करावं लागत नाही, ते आधीपासून धरलेलं असतं. 'संशयाचा फायदा' हे शब्द आपण चावडीवर अशा सुरात उच्चारतो, की जणू न्यायाधीशांनी पदरचं काही दिलं.

आणि मेलेल्यांच्या हक्कांचं काय?

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देते.

डब्यात जे गेले, त्यांच्या घरच्यांचा पहिला हक्क कोणता? ज्याने बाँब ठेवला तो सापडावा, हा. कोणीतरी सापडावा, हा नव्हे. आज त्या घरांना विचारलं की स्फोट कोणी केले, तर उच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्यांच्या हातात सिद्ध झालेलं एकही नाव नाही. साक्षीदार म्हातारे झाले, काही वारले. रेल्वेचे डबे कधीच भंगारात गेले. एकोणीस वर्षांनी नव्याने तपास करायचा म्हटला तरी कुठून सुरू करणार?

उच्च न्यायालयाने निकालाच्या सुरुवातीलाच हे मांडलं आहे. गुन्हा उलगडल्याचा खोटा देखावा उभा केला की समाजाला फसवं समाधान मिळतं आणि खरा धोका मोकळा फिरत राहतो, असा त्याचा आशय. मला वाटतं, आपल्या उदासीनतेची किंमत कोण मोजतं याचं उत्तर तिथेच आहे. आरोपी मोजतोच, आणि मृतांचे नातेवाईकही मोजतात. आरोपीच्या वकिलाने २००६ मध्येच पहिल्या रिमांडला उभं राहून खडसावून विचारलं असतं आणि आपण ते ऐकून घ्यायला तयार असतो, तर तपास चुकीच्या वाटेवर असल्याचं लवकर कळलं असतं. आरोपीचा हक्क म्हणजे पोलिसांच्या गोष्टीची वेळीच घेतलेली परीक्षा. ती परीक्षा झाली नाही, की चुकलेली गोष्ट वर्षानुवर्षं तशीच पुढे सरकते.

काही केलंच नसेल, तर पोलीस उगाच उचलतील का?

८ सप्टेंबर २००६, मालेगाव. शब-ए-बारातचा दिवस, शुक्रवारची नमाज नुकतीच झालेली, कब्रस्तानाजवळ स्फोट. तीसहून अधिक माणसं मेली, बहुतेक मुसलमान. पोलिसांनी नऊ मुसलमान पुरुषांना अटक केली. पाच वर्षांनी त्यांना जामीन मिळाला. पुढे एनआयए या केंद्राच्या तपास संस्थेने तपास करून वेगळ्याच माणसांवर आरोपपत्र ठेवलं, आणि २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने आधी पकडलेल्यांना दोषमुक्त केलं.

पोलीस दर वेळी मुद्दाम करतात असं मी म्हणत नाही. शहर हादरलेलं असतं, मंत्र्यांचे फोन चालू असतात, 'चोवीस तासांत लावा' अशी मागणी आपणच करतो. त्या घाईत ज्याच्यावर आधी कधी एखादी केस होती, जो एखाद्या संघटनेच्या कार्यालयात कधी जात होता, तो सोपा पडतो. आणि एकदा प्रेस कॉन्फरन्समध्ये नाव घेतलं, की मागे येणं कोणत्याही खात्याला जड जातं.

अटक झालेल्याला कायद्याने मिळतं तरी काय?

अटकेची कारणं कळणं, आपल्या पसंतीचा वकील, चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहणं. हे तिन्ही घटनेच्या २२ व्या कलमात आहे. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही, हे २० व्या कलमात. अटकेची खबर घरच्यांना देणं, अटकेचा मेमो करणं, वैद्यकीय तपासणी करणं, हे १९९६ च्या डी. के. बसू निकालापासून पोलिसांवर बंधनकारक आहे. वकील परवडत नसेल तर सरकारी खर्चाने. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात स्पष्ट केलं, की यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखालीही अटकेची कारणं लेखी द्यायला हवीत.

यातला एकही हक्क 'दहशतवादाचा आरोप सोडून' असा लिहिलेला नाही. मात्र यूएपीएने मुदती ताणल्या आहेत. एरवी पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांची, इथे ३० पर्यंत. आरोपपत्राला एरवी ६० किंवा ९० दिवस, इथे न्यायालयाच्या परवानगीने १८०. म्हणजे सहा महिने माणूस आत, आणि आपल्यावर नेमका काय पुरावा आहे हे त्याला कागदावर दिसत नाही.

जामीन मिळत नाही, म्हणजे पुरावा भक्कमच असणार ना?

नाही. आणि ही समजूत फार पसरलेली आहे, म्हणून सावकाश सांगते.

यूएपीएच्या ४३ड (५) या कलमानुसार केस डायरी आणि आरोपपत्र वाचून आरोप 'प्रथमदर्शनी खरा' वाटला, की न्यायाधीशांना जामीन देता येत नाही. २०१९ च्या वटाली निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की या टप्प्यावर पुराव्याची खोलात जाऊन छाननी करायची नाही. म्हणजे पोलिसांनी लिहिलेलं वाचायचं, ते खरं धरून चालायचं, आणि त्यावरून ठरवायचं. उलटतपासणी व्हायची असते, साक्षीदार पिंजऱ्यात आलेलाच नसतो. अशा वेळी जामीन नाकारला, तर त्यातून पुराव्याच्या भक्कमपणाबद्दल फारसं काही कळत नाही. पेपरात मात्र 'जामीन फेटाळला' असं येतं आणि चहाच्या टपरीवर निकाल लागतो.

२०२१ च्या नजीब निकालाने थोडी वाट उघडली. खटला लवकर संपायची चिन्हं नसतील आणि माणसाने बराच काळ आत काढला असेल, तर उच्च आणि सर्वोच्च न्यायालय जामीन देऊ शकतात. त्यासाठी आधी ती वर्षं आत काढावी लागतात.

केंद्र सरकारने राज्यसभेत दिलेला एक आकडा मी नेहमी सोबत ठेवते. २०१६ ते २०१९ या चार वर्षांत यूएपीएखाली ५,९२२ जणांना अटक झाली, आणि याच काळात दोषी ठरले १३२. जे दोषी ठरले ते त्याच वर्षांत पकडलेले असतील असं नाही, कारण खटले रेंगाळतात, त्यामुळे हे दोन आकडे थेट भागून टक्केवारी काढू नका. पण रांग केवढी आणि दार केवढं, ते दिसतं.

त्याने स्वतःच कबुली दिली, मग अजून काय पाहिजे?

कबुली कोणासमोर दिली, ते विचारा. साध्या फौजदारी कायद्यात पोलिसासमोरची कबुली पुरावा म्हणून चालत नाही. इंग्रजांच्या काळापासून नाही. ज्यांनी पोलीस खातं उभारलं, त्यांचाच त्यावर तेवढा भरवसा नव्हता. टाडा आणि पोटा हे जुने दहशतवादविरोधी कायदे आणि मोक्का यांनी तो नियम वाकवला. मोक्काखाली उपायुक्त किंवा अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला जबाब पुरावा ठरू शकतो. ११ जुलैचा खटला मोठ्या प्रमाणात याच जबाबांवर उभा होता.

आणि कोठडीत माणसाचं काय होऊ शकतं, तेही विचारा. परभणीचा ख्वाजा युनुस हा इंजिनिअर घाटकोपर बसस्फोटाच्या प्रकरणात डिसेंबर २००२ मध्ये पकडला गेला. जानेवारी २००३ मध्ये तो पोलिसांच्या ताब्यातून पळून गेला, असं सांगण्यात आलं. त्याच्या आईने वर्षानुवर्षं न्यायालयाचे उंबरे झिजवले. त्याच्यासोबतचे आरोपी पुढे २००५ मध्ये निर्दोष सुटले. हे नाव आज किती जणांना आठवतं, हे मी प्रत्येक सभेत विचारते. बहुतेक ठिकाणी एकही हात वर होत नाही.

कसाबला तर सगळ्या जगाने बंदूक घेऊन पाहिलं. त्यालाही वकील आणि बिर्याणी?

आधी बिर्याणी. सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी २०१५ मध्ये जयपूरला स्वतःच सांगितलं, की कसाबने बिर्याणी कधी मागितली नव्हती आणि ती त्याला दिलीही नव्हती. त्याच्या बाजूने सहानुभूतीची लाट येतेय असं वाटल्याने ती गोष्ट आपण रचली, असं ते म्हणाले. मी ही माहिती सांगते तेव्हा लोक मोबाइल काढून तपासतात. तपासाच. आपल्या सगळ्यांचं मत ज्या एका गोष्टीवर बनलं, ती घडलेलीच नव्हती.

आता वकील. मुंबईतल्या एका वकील संघटनेने कसाबचं वकीलपत्र घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. न्यायालयाने अंजली वाघमारे यांना नेमलं, तर त्यांच्या घरासमोर जमाव गेला. तरीही खटला रीतसर चालला. न्यायाधीश ताहिलियानी यांनी मे २०१० मध्ये कसाबला दोषी धरून फाशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती कायम केली. आणि त्याच खटल्यात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोघे भारतीय आरोपी निर्दोष सुटले. फहीमने काढलेला म्हणून जो नकाशा पुढे आणला, तो मेलेल्या हल्लेखोराच्या खिशात सापडल्याचं सांगितलं गेलं. कपडे रक्ताने भिजलेले आणि कागद स्वच्छ. वकील नसता तर हे कोणी दाखवून दिलं असतं?

कसाबच्याच निकालात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली. आरोपी पहिल्यांदा समोर उभा केला, की मॅजिस्ट्रेटने त्याला मोफत वकिलाच्या हक्काची नीट कल्पना द्यायलाच हवी, आणि तसं केलं नाही तर त्या मॅजिस्ट्रेटवर खात्याची कारवाई होऊ शकते. आज पाकीटमारीच्या संशयावरून पकडलेल्या पोरालाही याचा उपयोग होतो.

असे खटले वकील घेतातच कसे?

घेणारे थोडे असतात. शाहिद आझमी त्यांपैकी एक. फहीमचा बचाव त्यांनीच उभा केला. ११ फेब्रुवारी २०१० ला कुर्ल्यातल्या त्यांच्या कार्यालयात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. वय ३२. तीन महिन्यांनी फहीम सुटला, तेव्हा तो निकाल ऐकायला ते नव्हते.

वकील संघटनांनी 'अमक्याचं वकीलपत्र घेणार नाही' असे ठराव करणं बेकायदेशीर आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये सांगितलं. तरी ठराव होत राहतात. आपल्या वकिलांच्या खोल्यांमधलं बोलणं मी रोज ऐकते, आणि मला त्याची लाज वाटते.

हे सगळं एकाच धर्माच्या आरोपींबद्दल का बोलता?

बोलत नाही. मालेगावातच २९ सप्टेंबर २००८ ला दुसरा स्फोट झाला, सहा जण गेले. साध्वी प्रज्ञासिंह, लेफ्टनंट कर्नल पुरोहित आणि इतरांना अटक झाली. पुरोहित नऊ वर्षं आत होते, मग जामीन मिळाला. कोठडीत छळ झाला असं प्रज्ञासिंह यांनी सांगितलं. ३१ जुलै २०२५ ला विशेष न्यायालयाने सातही आरोपींना सोडलं. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

तारखा बघा. २१ जुलै आणि ३१ जुलै. दहा दिवसांत दोन निकाल. माझ्या ओळखीतल्या ज्यांनी पहिल्या निकालावर 'न्यायव्यवस्था झोपली' असं स्टेटस ठेवलं, त्यांनीच दुसऱ्यावर 'सत्यमेव जयते' ठेवलं. आणि काहींनी नेमकं उलट. कोठडीतल्या छळाची तक्रार 'आपल्या' माणसाने केली की खरी, 'त्यांच्या' माणसाने केली की बनाव. दोन्ही वेळा मृतांच्या घरच्यांकडे कोणी पाहिलं नाही. मालेगावच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील केलं ते त्या नातेवाइकांनीच.

पण शेवटी सुटतात ना? मग व्यवस्था चालतेच की.

सगळे जिवंत सुटत नाहीत. आदिवासींमध्ये काम करणारे फादर स्टॅन स्वामी ८३ वर्षांचे असताना त्यांना यूएपीएखाली अटक झाली. कंपवात होता. पाणी पिण्यासाठी सिपर मिळावा म्हणून न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला ते वांद्र्याच्या रुग्णालयात वारले, तेव्हा खटला सुरूही झाला नव्हता. माओवाद्यांशी संबंधाच्या खटल्यातले गडचिरोलीचे पांडू नरोटे हे आदिवासी शेतकरी ऑगस्ट २०२२ मध्ये नागपूर तुरुंगात असताना आजारपणात वारले. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने प्रा. साईबाबांसह त्या खटल्यातल्या सगळ्यांना निर्दोष ठरवलं. नरोटे तो निकाल ऐकायला नव्हते.

आणि जे सुटतात, त्यांना भरपाई देणारा कायदा आपल्याकडे नाही. विधी आयोगाने २०१८ मध्ये तसा कायदा करा म्हणून अहवाल दिला. पुढे कायदा आला नाही. गुजरातमधल्या अक्षरधाम मंदिरावरच्या हल्ल्याच्या खटल्यात निर्दोष सुटलेल्यांनी भरपाई मागितली, तीही २०१६ मध्ये नाकारली गेली.

आमच्या इमारतीतला एक मुलगा पकडला गेला. त्याच्या घरच्यांशी कसं वागायचं?

आधी वागत होतात तसंच. त्यांना घर सोडायला सांगायचा अधिकार सोसायटीला नाही. दूधवाल्याला, कामवाल्या मावशींना बंद करायला सांगू नका. लहान भावंडं शाळेत जाऊ द्या. त्या मुलाचा फोटो पुढे पाठवू नका. कोणी 'अतिरेकी' म्हणालं तर 'आरोपी' म्हणा, तेवढं दुरुस्त करायला धैर्य लागतं हे मला माहीत आहे. आणि त्या घरातल्या बाईला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता द्या. पहिल्या दोन दिवसांत कोणाकडे जायचं हेच घरच्यांना कळत नसतं, आणि तेच दोन दिवस सगळ्यात महत्त्वाचे असतात.

असा खटला सामान्य माणसाला जाऊन पाहता येतो का?

हो. न्यायाधीशांनी 'इन कॅमेरा'चा आदेश दिला नसेल, तर मागच्या बाकावर कोणीही बसू शकतं. ओळखपत्र न्या, मोबाइल बंद ठेवा. पहिल्या दिवशी कंटाळा येईल. साक्षीदार आलेला नसतो, व्हिडिओ लिंक जोडली जात नाही, सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात असतात, आणि पुढची तारीख पडते. तेच पाहायला जायचं.

दोन वर्षांपूर्वी मी एका विद्यार्थिनीला घेऊन अशाच एका तारखेला गेले होते. बाकावर आरोपीची आई एकटी बसली होती, मांडीवर डबा. तुम्ही कोणत्या पेपरच्या, असं तिने विचारलं. कुठल्याच नाही, नुसतं ऐकायला आलोय, असं सांगितलं. तिला ते नीट समजलं नसावं, तिने पुन्हा विचारलं. मग डबा बाजूला घेतला आणि आमच्यासाठी सरकून जागा केली.